चिकित्सा मानसशास्त्रातील दीर्घकालीन पाठपुराव्याचे संशोधन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चिकित्सा मानसशास्त्राचे विद्यार्थी शोधप्रबंधाचा आराखडा घेऊन येतात तेव्हा, आणि दवाखाना सांभाळून संशोधन करू पाहणारे समुपदेशक भेटतात तेव्हा, जे प्रश्न हमखास निघतात ते येथे एकत्र केले आहेत. काहींची उत्तरे लांबली आहेत. त्या ठिकाणी चुका जास्त होतात, हे त्याचे कारण.

दीर्घकालीन पाठपुराव्याचे संशोधन म्हणजे नेमके काय?

त्याच व्यक्तींना, त्याच गोष्टींविषयी, ठरावीक कालांतराने पुन्हा पुन्हा मोजणे, एवढीच त्याची व्याख्या आहे, आणि तिच्यातला सगळा भर ‘त्याच व्यक्तींना’ या शब्दांवर आहे. एखाद्या महाविद्यालयात दर वर्षी प्रथम वर्षाच्या मुलांची चिंता मोजली, तर दहा वर्षांत भरपूर आकडेवारी जमेल; पण दर वर्षीची मुले वेगळी असल्यामुळे कोणाचे पुढे काय झाले हे तिच्यातून कळणार नाही. पाठ्यपुस्तकांत याला अनुदैर्घ्य संशोधन आणि एकदाच केलेल्या पाहणीला छेदात्मक संशोधन म्हणतात. विभागांत मात्र ‘लाँगिट्यूडिनल’ आणि ‘क्रॉस-सेक्शनल’ हेच शब्द रुळले आहेत.

रोज ओपीडीत रुग्ण पाहतोच. त्या अनुभवातून आजाराचा पुढचा प्रवास कळत नाही का?

कळतो, पण एकांगी कळतो. जो लवकर बरा होतो तो पुन्हा येत नाही आणि ज्याचा आजार चिघळतो तो वर्षानुवर्षे येत राहतो. त्यामुळे कोणत्याही एका दिवशी बाकावर बसलेल्या रुग्णांत दीर्घ आजाराच्या रुग्णांचे प्रमाण त्यांच्या खऱ्या संख्येपेक्षा कितीतरी जास्त असते. पॅट्रिशिया कोहेन आणि जेकब कोहेन यांनी १९८४ मध्ये याला चिकित्सकाचा भ्रम असे नाव दिले. हा भ्रम अननुभवी माणसाला होतो असे नाही. उलट जितकी वर्षे ओपीडीत जातात तितका तो पक्का होतो.

बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकाराचे, म्हणजे भावना आणि नातेसंबंध सतत अस्थिर राहणाऱ्या विकाराचे, उदाहरण बोलके आहे. हा विकार जन्माला चिकटलेला, त्याला उतार नाही, असे चिकित्सकांच्या कित्येक पिढ्या मानत आल्या. अमेरिकेतील मॅकलीन रुग्णालयात मेरी झानारिनी यांनी १९९२ मध्ये या विकाराच्या, रुग्णालयात दाखल झालेल्या २९० रुग्णांचा पाठपुरावा सुरू केला आणि दर दोन वर्षांनी त्यांना पुन्हा भेटले गेले. दहा वर्षांत ९३ टक्के रुग्णांनी किमान दोन वर्षे टिकलेली लक्षणमुक्ती अनुभवली होती. मात्र लक्षणे उतरली, नातेसंबंध जुळले आणि कामधंदाही नीट चालला, अशी पूर्ण अर्थाने सावरलेली माणसे ५० टक्केच होती. या दोन आकड्यांमधल्या अंतरात उपचारांपुढचे खरे काम आहे, आणि ते अंतर एका भेटीत कधीच दिसले नसते.

उन्माद आणि नैराश्य यांचे झटके येणाऱ्या बायपोलर विकारातही असेच झाले. लुईस जड आणि सहकाऱ्यांनी १४६ रुग्णांच्या लक्षणांची आठवडावार नोंद सरासरी १२.८ वर्षे अभ्यासली. रुग्ण जवळजवळ निम्मे आठवडे, ४७.३ टक्के, कोणत्या ना कोणत्या लक्षणांत होते; त्यात नैराश्याचे आठवडे ३१.९ टक्के होते आणि उन्मादाचे अवघे ८.९ टक्के. घरच्यांच्या आणि वॉर्डच्या स्मरणात उन्माद राहतो, कारण तो गाजावाजा करतो. रुग्णाचे आयुष्य मात्र नैराश्य खाते.

आधी काय आणि नंतर काय, हे खरोखर इतके महत्त्वाचे आहे का?

उपचार कुठे सुरू करायचे हे त्यावरच ठरते. गोव्यातील एक अभ्यास पाहा. विक्रम पटेल, मर्लिन रॉड्रिग्ज आणि नंदिता डिसोझा यांनी एका जिल्हा रुग्णालयात गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत आलेल्या २७० स्त्रियांची नोंद केली आणि बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी व पुन्हा सहा महिन्यांनी त्यांच्याशी बोलणे केले. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात बाळंतपणानंतर २३ टक्के मातांना नैराश्य आढळले. पण त्यांच्यापैकी ७८ टक्के माता गरोदरपणातच मानसिकदृष्ट्या लक्षणीय त्रासात होत्या, आणि निम्म्याहून अधिक माता सहा महिन्यांनंतरही आजारीच होत्या. ज्याला आपण ‘बाळंतपणानंतरचे नैराश्य’ म्हणतो ते बहुतेकींच्या बाबतीत बाळंतपणाच्या आधीच सुरू झालेले होते. संशोधकांनी फक्त बाळंतपणानंतर जाऊन प्रश्न विचारले असते, तर टक्केवारी तीच मिळाली असती आणि निष्कर्ष चुकला असता. हस्तक्षेप गरोदरपणाच्या तपासण्यांपासून हवा, हे त्या पहिल्या भेटीमुळे कळले.

मग रुग्णालाच मागचे सगळे विचारून घेतले तर? इतकी वर्षे थांबायचे कशाला?

पूर्वलक्षी मुलाखत स्वस्त असते आणि केस हिस्टरीसाठी ती लागतेच. संशोधनात मात्र तिच्यावर किती भार टाकायचा याचा विचार व्हायला हवा. न्यूझीलंडमधील ड्युनेडिन शहरात एप्रिल १९७२ ते मार्च १९७३ या काळात एका प्रसूतिगृहात जन्मलेल्या १,०३७ बाळांचा पाठपुरावा आजवर चालू आहे. त्यांच्या ३२ व्या वर्षापर्यंत वेळोवेळी घेतलेल्या मुलाखती टेरी मॉफिट आणि सहकाऱ्यांनी एकत्र केल्या, तेव्हा चिंता, नैराश्य आणि व्यसनाधीनता यांचे आयुष्यभरातील प्रमाण, एकाच बैठकीत मागचे आठवून सांगायला लावणाऱ्या राष्ट्रीय पाहण्यांपेक्षा सुमारे दुप्पट निघाले. माणसे लपवत होती असे नाही. विशीतले वाईट सहा महिने तिशीत ‘तेव्हा जरा ताण होता’ एवढेच उरतात.

बालपणातील अत्याचाराच्या बाबतीत प्रश्न याहून अवघड आहे. जेसी बाल्डविन आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये उपलब्ध अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा ज्यांच्या बालपणी अत्याचाराची प्रत्यक्ष नोंद झाली होती त्यांच्यापैकी ५२ टक्क्यांनी मोठेपणी तो सांगितला नव्हता. आणि ज्यांनी मोठेपणी सांगितला त्यांच्यापैकी ५६ टक्क्यांच्या बालपणीच्या नोंदींत तो नव्हता. यावरून रुग्णाच्या सांगण्यावर अविश्वास दाखवावा असा अर्थ कोणी काढू नये. बालपणीच्या नोंदींत सगळे येतच नाही, आणि घरातल्या गोष्टी तर बऱ्याचदा येत नाहीत. अर्थ इतकाच की, आठवणीतला अत्याचार आणि नोंदीतला अत्याचार ही दोन वेगळी मापने आहेत आणि एक दुसऱ्याच्या जागी वापरता येत नाही.

या पद्धतीचे प्रकार कोणते?

एकाच काळात जन्मलेल्यांचा गट, म्हणजे कोहोर्ट; उपचार घेणाऱ्या रुग्णांचा पाठपुरावा; वेगवेगळ्या वयांचे गट एकाच वेळी सुरू करून काही वर्षांत मोठा वयोपट्टा उरकणारा जोड-आराखडा; आणि मोबाइलवर दिवसातून चार-पाच वेळा ‘आत्ता कसे वाटते आहे’ असे विचारून दोन-तीन आठवड्यांत शेकडो नोंदी जमवणारा सघन आराखडा. ‘दीर्घ’ या शब्दाने फसू नये. शेवटचा प्रकार दोन-तीन आठवड्यांत संपतो, तरीही तो याच कुळातला आहे.

किती वेळा आणि किती अंतराने मोजावे?

ज्या गतीने गोष्ट बदलते त्या गतीने. बहुतेक आराखड्यांत मात्र अंतर विद्यापीठाच्या कॅलेंडरवरून ठरलेले असते. जूनमध्ये बारावीच्या मुलांची चिंता मोजली आणि दुसरी फेरी फेब्रुवारीत घेतली, तर जी वाढ दिसेल ती बोर्डाच्या परीक्षेची असेल. तिला किशोरवयातील चिंतेची वाढ म्हणणे ही दिशाभूल ठरेल.

प्रश्नावलीचाही स्वतःचा काळ असतो. पीएचक्यू-९ ही नैराश्य मोजणारी नऊ प्रश्नांची प्रश्नावली मागील दोन आठवड्यांविषयी विचारते. ती दर आठवड्याला भरून घेतली तर लागोपाठच्या दोन उत्तरांत एक आठवडा सामाईक असतो, आणि मग दोन गुणांकांतील साम्य हे आजाराचे सातत्य आहे की प्रश्नाच्या रचनेचा परिणाम, हे वेगळे काढता येत नाही. पण फार विरळ मोजण्याचेही नुकसान आहे. टोनी टँग आणि रॉबर्ट डीरुबाइस यांनी १९९९ मध्ये दाखवले की, नैराश्यावरील बोधात्मक-वर्तन उपचारात (सीबीटी, म्हणजे विचार आणि वर्तन बदलण्यावर भर देणारे उपचार) काही रुग्णांची सुधारणा एका सत्रातून दुसऱ्या सत्रात जाताना अचानक, मोठ्या टप्प्याने होते. हे दिसले ते प्रत्येक सत्राला मोजमाप होते म्हणूनच. उपचारापूर्वी एकदा आणि नंतर एकदा मोजले असते, तर त्या दोन बिंदूंमधून एक सरळ रेषा निघाली असती आणि ती खोटी असती.

दोन फेऱ्यांत वाटचालीचा आकार कळत नाही. किमान तीन फेऱ्या हव्यात, चार असल्यास उत्तम.

मध्येच सोडून जाणाऱ्यांचे काय करावे?

या पद्धतीतला हा सर्वांत मोठा प्रश्न आहे. वर सांगितलेला चिकित्सकाचा भ्रम टाळण्यासाठी आपण पाठपुरावा हाती घेतो, आणि गळती झाली की तोच भ्रम मागच्या दाराने परत येतो. फरक इतकाच की आता त्याची दिशाही कळत नाही. जे आले नाहीत ते बरे झाले म्हणून आले नाहीत, खालावले म्हणून आले नाहीत, की बस चुकली म्हणून? बस चुकली असेल तर निष्कर्षांना फारसा धक्का लागत नाही. नैराश्य वाढल्यामुळे अंथरुणातून उठवले नाही म्हणून आले नसतील, तर उरलेल्यांची सरासरी आपल्याला सुधारणेचे सुखद चित्र दाखवील.

म्हणून गळतीवरचा पहिला उपाय संख्याशास्त्रात नसून पत्त्यांच्या वहीत आहे. ड्युनेडिनच्या गटात ४५ व्या वर्षी हयात असलेल्या ९९७ पैकी ९३८ जण आले. परदेशी गेलेल्यांना तपासणीसाठी विमानाने परत आणण्याची व्यवस्था तेथे आहे. आपल्याकडे विमान नको, पण आपल्या समाजाचे चलनवलन माहीत हवे. महाराष्ट्रात लग्नानंतर स्त्रीचे मधले नाव आणि आडनाव दोन्ही बदलतात आणि काही घरांत पहिले नावही बदलते. त्यामुळे नोंदवहीत माहेरचे व सासरचे अशी दोन्ही पूर्ण नावे पहिल्याच दिवशी लिहिण्यासाठी रकाने हवेत. पहिल्या बाळंतपणासाठी मुलगी माहेरी जाते, तेव्हा प्रसूतिपूर्व भेट एका तालुक्यात आणि नंतरची भेट दुसऱ्याच जिल्ह्यात होते. बीड किंवा अहिल्यानगर जिल्ह्यातील ऊसतोड कुटुंबे दिवाळीच्या आगेमागे गाव सोडतात आणि उन्हाळ्यापर्यंत परतत नाहीत. जानेवारीत ठेवलेल्या फेरीत ती ‘गळाली’ असे लिहिणे म्हणजे आपल्या वेळापत्रकाचा दोष त्यांच्या माथी मारणे होय. मोबाइल क्रमांक तर वर्षभरात बदलतो, म्हणून सहभागी व्यक्तीच्या संमतीने आणखी दोघांचे क्रमांक घ्यावेत, आणि त्यांपैकी एक तरी कधीही गाव न सोडणाऱ्या माणसाचा असावा. किराणा दुकानदार यासाठी फार उपयोगी पडतो, असा आमचा अनुभव आहे.

इतके करूनही जे जातात, त्यांच्यासाठी विश्लेषणात मिश्र प्रारूपे (मिक्स्ड मॉडेल्स; ज्यांत अपुऱ्या नोंदींची माणसेही धरता येतात) किंवा बहुविध पर्यायी मूल्ये भरण्याची पद्धत (मल्टिपल इम्प्युटेशन; गहाळ उत्तरांच्या जागी अनेक संभाव्य उत्तरे धरून पाहणे) वापरावी, आणि गळालेल्यांची पहिल्या फेरीतील स्थिती उरलेल्यांच्या शेजारी तक्त्यात मांडावी. शेवटची उपलब्ध नोंद पुढे तशीच ओढत नेण्याची जुनी सवय सोडून द्यावी. माणूस निघून गेला त्या दिवशी त्याचा आजार थिजला, असे त्या पद्धतीचे म्हणणे असते.

प्रत्येक फेरीला चाचणी तीच ठेवावी का?

शब्दशः तीच ठेवावी. एका विद्यार्थिनीच्या प्रबंधात पहिल्या फेरीनंतर प्रश्नावलीचे मराठी भाषांतर ‘सुधारले’ गेले. ‘तुम्हाला उदास वाटते का?’ या प्रश्नाला गावातील स्त्रिया नाही म्हणत होत्या, म्हणून दुसऱ्या फेरीत ‘कशात मन लागत नाही, जीव उदास होतो, असे होते का?’ असा प्रश्न आला आणि होकार भराभर वाढले. दुसरे भाषांतर निःसंशय चांगले होते. पण नैराश्य वाढले की भाषा पोचली, हे ठरवण्याचा मार्ग त्या दिवशी बंद झाला, आणि मार्गदर्शक या नात्याने ते वेळीच माझ्या लक्षात यायला हवे होते. भाषांतर पहिल्या फेरीच्या आधी, पायलटमध्येच, म्हणजे छोट्या पूर्वचाचणीतच, घासूनपुसून घ्यावे.

मुले मोठी होत असतील तर वेगळी अडचण येते. आठ वर्षांच्या मुलाची भीती आणि अठराव्या वर्षीची भीती एकाच प्रश्नाने मोजता येत नाही. तेथे काही प्रश्न समान ठेवून काही वयानुरूप बदलावेत, आणि मापन दोन्ही वयांत एकच गोष्ट मोजते आहे का हे संख्याशास्त्रीय कसोटीने तपासावे.

गुण कमी झाले म्हणजे उपचार लागू पडला, असे म्हणता येईल का?

लगेच नाही. दुखणे टोकाला गेले की माणूस दवाखान्याची पायरी चढतो, आणि टोकाला गेलेली गोष्ट बऱ्याचदा आपोआप थोडी खाली येते. हे सरासरीकडे परतणे उपचाराशिवायही होते, म्हणून तुलनेचा गट लागतो. शिवाय मोजमापातील स्वाभाविक चढउतारापेक्षा बदल मोठा आहे का, हे तपासण्यासाठी नील जेकबसन आणि पॉला ट्रुअॅक्स यांनी १९९१ मध्ये मांडलेला विश्वसनीय बदलाचा निर्देशांक आजही सोपा आणि पुरेसा आहे.

उपचाराचा परिणाम किती काळ पाहावा, याबाबत केंब्रिज-सॉमरव्हिल प्रकल्पाची आठवण ठेवावी. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्समध्ये, मुले गुन्हेगारीकडे वळू नयेत म्हणून, १९३९ मध्ये ५०६ मुलांच्या जोड्या लावून, प्रत्येक जोडीतील एकाला वर्षानुवर्षे समुपदेशन, शिकवणी आणि शिबिरे अशी मदत दिली गेली. जोन मॅकॉर्ड यांनी तीस वर्षांनी ही माणसे शोधून काढली आणि १९७८ मध्ये निष्कर्ष मांडले. मदत मिळालेल्यांपैकी दोन तृतीयांश माणसे म्हणत होती की तिचा उपयोग झाला. पण मद्यपान, मानसिक आजार, पुन्हा गुन्हा आणि लवकर मृत्यू अशा अनेक मापांवर मदत मिळालेला गटच मागे होता. उपचार संपल्यावर भरून घेतलेल्या समाधानाच्या फॉर्मवर विसंबणाऱ्या प्रत्येकाने हा प्रकल्प एकदा वाचावा.

विश्लेषणात सर्वांत जास्त चूक कोठे होते?

माणसामाणसांतील फरक आणि एकाच माणसातील बदल यांची सरमिसळ करण्यात. समजा, ज्या विवाहिता माहेरी वारंवार फोन करतात त्या एकंदरीत कमी उदास आहेत, कारण त्यांना आधार आहे. पण त्यांच्यापैकी कोणत्याही एकीचे पाहिले, तर ज्या आठवड्यात ती उदास असते त्या आठवड्यात तिचे फोन वाढतात. पहिला संबंध उणे, दुसरा अधिक, आणि दोन्ही खरे. समोर बसलेल्या रुग्णासाठी बहुधा दुसरा संबंध उपयोगाचा असतो, आणि एका फेरीतील एक गोष्ट पुढच्या फेरीतील दुसरीशी जोडून पाहणाऱ्या पारंपरिक आडव्या-तिरप्या (क्रॉस-लॅग्ड) प्रारूपांत दोन्ही एकत्र मिसळून येतात. एलेन हामाकर आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये हे दोन स्तर वेगळे करणारी सुधारित रचना सुचवली. निदान तीन फेऱ्या असतील तर तीच वापरावी.

पाठपुराव्याने कारण सिद्ध होते का?

क्रम सिद्ध होतो. कारणाची शक्यता वाढते. ड्युनेडिनच्याच आकडेवारीवरून २००३ मध्ये असा निष्कर्ष आला की, सेरोटोनिनशी संबंधित एका जनुकाचा विशिष्ट प्रकार असलेल्यांना ताणानंतर नैराश्य अधिक येते. तो जगभर शिकवला गेला. २०१९ मध्ये फार मोठ्या नमुन्यांवर केलेल्या तपासणीत त्याला आधार मिळाला नाही. पाठपुरावा कितीही काटेकोर असला तरी हजार माणसांच्या गटातून निघालेला नाजूक आंतरसंबंध दुसऱ्या गटात टिकतो का, हे पाहावेच लागते.

भारतात असे अभ्यास झाले आहेत का?

झाले आहेत, आणि जगाने त्यांच्यावर वाद घातले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या, नऊ देशांतील १,२०२ रुग्णांवरील स्किझोफ्रेनियाच्या अभ्यासात आग्रा हे एक केंद्र होते. दोन आणि पाच वर्षांच्या पाठपुराव्यात आग्रा, नायजेरियातील इबादान आणि कोलंबियातील काली येथील रुग्णांची वाटचाल श्रीमंत देशांतील रुग्णांपेक्षा बरी दिसली, आणि एकत्र कुटुंबाच्या महतीवर भाषणे सुरू झाली. अॅलेक्स कोहेन, विक्रम पटेल, आर. थारा आणि ओये गुरेजे यांनी २००८ मध्ये ११ देशांतील २३ अभ्यास तपासून या समजावर प्रश्नचिन्ह लावले: निष्कर्ष देशागणिक फार वेगळे होते, आणि मृत्यू व गळती यांचा हिशेब पुरेसा मांडलेला नव्हता. यातील थारा यांनीच मद्रासमध्ये १९८१-८२ पासून पहिल्यांदाच आजारी पडलेल्या ९० रुग्णांचा पाठपुरावा केला होता, आणि दहा वर्षांनीही ७६ जणांची माहिती त्यांच्या हाती होती. ज्यांनी स्वतः दारोदार जाऊन रुग्ण शोधले, त्यांनीच गळतीचा प्रश्न विचारावा हे स्वाभाविक आहे.

संमती आणि गोपनीयतेबाबत विशेष काय सांभाळावे?

संमती एकदा घेऊन भागत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सात ते अठरा वयातील मुलांची स्वतःची अनुमती पालकांच्या संमतीबरोबर लागते, आणि पाठपुरावा चालू असताना मूल अठरा वर्षांचे झाले की त्याची स्वतंत्र संमती नव्याने घ्यावी लागते.

पत्रावर ‘मनोविकार विभाग’ असा शिक्का मारू नये. ते पाकीट सासऱ्यांच्या हातात पडते. पीएचक्यू-९ मधील नववा प्रश्न मरणाच्या विचारांविषयी आहे, म्हणून तो फॉर्म भरून झाल्यावर सहभागी व्यक्ती खोलीतून उठण्यापूर्वी वाचला गेलाच पाहिजे. होकार आला तर कोणाला फोन करायचा, कोणाकडे पाठवायचे हे आधी ठरलेले असावे, आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येकाच्या हाती दिलेला असावा. मुलांच्या अभ्यासात लैंगिक अत्याचार उघड झाल्यास २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार कळवणे बंधनकारक आहे. ही मर्यादा संमतिपत्रात स्पष्ट लिहावी, कारण ‘सगळे गुप्त राहील’ हे वचन आपण देऊ शकत नाही.

दोन वर्षांच्या अभ्यासक्रमातील प्रबंधात हे सगळे जमेल का?

ड्युनेडिन जमणार नाही, पण नवे रुग्ण पहिल्या भेटीलाच नोंदवून चार फेऱ्या सहा महिन्यांत घेता येतात, आणि सघन आराखडा तर तीन आठवड्यांत होतो. नैतिक समितीच्या मंजुरीला लागणारे महिने आधी वजा करावेत. नमुना लहान ठेवावा, फेऱ्या वाढवाव्यात, आणि न आलेल्या प्रत्येक व्यक्तीसमोर न येण्याचे कारण लिहिण्यासाठी नोंदवहीत एक रुंद रकाना आखावा. तोंडी परीक्षेत बाह्य परीक्षक पहिला प्रश्न बहुधा त्याच रकान्यावर विचारतात.